विंगेतून येणारा आवाज

नववीत होते तेव्हा आमच्या सोसायटीच्या गणपतीत सौभद्रमधला एक प्रवेश बसवला होता. सुभद्रा झाली होती माझी मैत्रीण. नऊवारीत इतकी शोभायची, आणि संवाद असे म्हणायची की हे पाठ केलेलं आहे हे ऐकणारा विसरून जायचा. फक्त तिला गाता यायचं नाही. मी तेव्हा क्लासला जायचे, दोन परीक्षा दिल्या होत्या, पण अभिनय माझ्या अंगात नव्हता. मग प्रवेश बसवणाऱ्या काकांनी तोडगा काढला की स्टेजवर ती उभी राहील आणि 'वद जाऊ कुणाला शरण' मी विंगेतून म्हणायचं.

पहिल्या दोन तालमी फुकट गेल्या. मी क्लासमध्ये शिकवलेली तान घ्यायचे आणि तिचं तोंड समेवर मिटलेलं असायचं, किंवा तिचे ओठ हलायला लागायचे आणि मी अजून पेटीचा सूर धरत असायचे. विंगेतून मला तिचा चेहरा दिसतच नव्हता, दिसायचा फक्त डावा कान, नथीची कड आणि खांदा. तिसऱ्या दिवशी कधीतरी लक्षात आलं की ओळ सुरू करायच्या आधी तिचा खांदा बोटभर वर जातो, म्हणजे ती श्वास घेते. तेव्हापासून मी पेटीकडे बघणं सोडलं आणि खांद्याकडे बघायला लागले. खांदा वर गेला की सूर लावायचा. तान मी निम्मी केली, कारण रडवेल्या सुभद्रेच्या छातीत तेवढ्या लांब तानेला जागाच नव्हती. गाणं माझं होतं पण श्वास तिचा होता, आणि त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर दोन बायकांनी येऊन तिला विचारलं, तू कुणाकडे शिकतेस ग गाणं? तिने लगेच मागे वळून मला हाताला धरून पुढे ओढलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की गाण्याच्या नाटकावरून सिनेमा काढला आणि त्यात कोण शोभलं, कोण नाही, कुणाला घ्यायला हवं होतं अशी चर्चा निघाली की माझं लक्ष अजूनही तिथेच जातं, खांद्याकडे. दिसणं, उंची, वय हे सगळं असतंच. पण हा चेहरा आणि हा आवाज एकाच छातीतून येतायत असं वाटतंय का, हा माझ्यासाठी पहिला प्रश्न.

आपल्याकडे हा प्रश्न मुळात नव्हताच. 1880 साली किर्लोस्करांचं शाकुंतल आलं तेव्हापासून नट म्हणजेच गायक. गळा असेल तर भूमिका मिळणार. बालगंधर्व वय झालं, अंग सुटलं तरी नायिका होत राहिले आणि लोक ऐकत राहिले, कारण प्रेक्षकांत पंधराव्या रांगेत बसलेल्या माणसाला चेहऱ्यावरची सुरकुती दिसत नाही, सूर मात्र पोचतो. कॅमेरा आला आणि सगळं उलटलं. त्याला सुरकुती आधी दिसते. मग चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा ही वाटणी सुरू झाली, आणि आपण सिनेमा बघणारे लोक त्याला इतके सरावलो की त्यात काही खटकतच नाही. पण नाटकावरून केलेल्या सिनेमात खटकतं. कारण त्या भूमिकेचा आवाज लोकांच्या कानात आधीच बसलेला असतो, आणि कान चटकन माफ करत नाही.

कट्यार काळजात घुसलीचं तसंच होतं. नाटक 1967 चं, लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणजे वसंतराव देशपांडे. म्हणजे खाँसाहेब वसंतरावांसारखे असं नाही, खाँसाहेब म्हणजेच वसंतराव, एवढं ते पक्कं होतं. माझ्या बाबांनी तरुणपणी दादरला शिवाजी मंदिरात त्यांचा प्रयोग बघितला होता. घरात कॅसेट होती, तिची पट्टी दोनदा तुटली आणि बाबांनी दोन्ही वेळा सेलोटेप लावून जोडली, त्यामुळे 'घेई छंद मकरंद' मध्ये एका ठिकाणी अर्धी मात्रा गायब आहे आणि मला ते पद अजूनही तसंच पाठ आहे, अर्धी मात्रा गाळून.

2015 च्या दिवाळीत सिनेमा येणार म्हटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, खाँसाहेब कोण? मी म्हटलं, सचिन पिळगावकर. बाबा काहीच बोलले नाहीत. पेपर घडी घालून ठेवला. आमच्या पिढीने सचिनला हसरा, गोड, कायम कॉलेजात असल्यासारखा बघितलेला, आणि हा माणूस मत्सराने पेटलेला खाँसाहेब होणार हे कुणालाच डोळ्यासमोर येत नव्हतं. मग मी सांगितलं की आवाज राहुल देशपांडेचा आहे. तेव्हा बाबा म्हणाले, मग जाऊ.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुबोध भावेने सिनेमाच्या आधी हेच नाटक स्टेजवर पुन्हा आणलं होतं, आणि त्यात खाँसाहेब होता राहुल, वसंतरावांचा नातू, आणि खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्ध्याचा, पंडितजींचा, शिष्य सदाशिव होता महेश काळे. दोघं स्टेजवर स्वतः उभे राहून गायले होते. सिनेमा करताना चेहरे बदलले, खाँसाहेब सचिन झाला आणि सदाशिव स्वतः सुबोध, पण गळे तेच ठेवले. म्हणजे ज्या दोन माणसांनी त्या भूमिका अंगावर वागवल्या होत्या, त्या भूमिकेत कुठे दम लागतो, कुठे राग येतो, कुठे हात आधी उठतो आणि मग तान येते हे ज्यांना शरीरातून माहीत होतं, त्यांचेच आवाज या नव्या चेहऱ्यांना मिळाले. कोणी चांगला गायक बोलावून गाऊन घेणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्या मते कट्यारचं खरं कास्टिंग इथे झालं, रेकॉर्डिंग स्टुडिओत, आणि महेश काळेला 'अरुणि किरणि' साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मला कितीतरी वेळ आपल्याच घरातल्या कुणाला मिळाल्यासारखं वाटत होतं.

थिएटरमध्ये बाबा माझ्या उजवीकडे बसले होते. खाँसाहेबांचं गाणं सुरू झालं आणि त्यांनी डोळे मिटले. मला कळलं की ते सचिनला टाळतायत, फक्त ऐकतायत, नातवाच्या आवाजात आजोबा शोधतायत. साधारण एक आवर्तन गेलं असेल. मग त्यांनी डोळे उघडले आणि परत मिटले नाहीत. मी त्या क्षणी पडद्याकडे बघत होते म्हणून सांगते, सचिनने ओठ बरोबर हलवले एवढंच नव्हतं ते. तान वर चढायच्या आधी त्याची मान किंचित आत ओढली जाते, जबडा घट्ट होतो, गळ्याची शीर दिसते, आणि तान सुटल्यावर खांदे खाली येतात. गाणाऱ्या माणसाला दम लागतो हे त्याने दाखवलं. बाकी बहुतेक सिनेमात पडद्यावर गाणाऱ्याला दमच लागत नाही, नाही का? डोंगर चढून येतात आणि गातात.

तरी मला विचाराल तर कट्यारमधलं सगळ्यात धाडसाचं कास्टिंग खाँसाहेबांचं नाही, पंडितजींचं आहे. शंकर महादेवनला पंडित भानुशंकर केलं. तो नट नाही, त्याआधी त्याने कधी भूमिका केली नव्हती, आणि ते थोडं दिसतंही, संवाद म्हणताना तो जरा जपून म्हणतो. पण त्या माणसाचा आवाज अख्ख्या देशाला माहीत आहे. 1998 मध्ये त्याचं ब्रेथलेस हे गाणं आलं तेव्हा शाळेच्या बसमध्ये आम्ही सगळे ते एका दमात म्हणायचा प्रयत्न करायचो आणि कुणाचंच पूर्ण व्हायचं नाही. तो माणूस, ज्याचा श्वास संपत नाही म्हणून प्रसिद्ध, त्याला अशी भूमिका द्यायची की ज्यात शेंदूर खाऊ घालून त्याचा गळाच घालवतात! दरबारात तो गायला बसतो, तोंड उघडतो आणि आवाज येत नाही. दुसरा कुणी कसलेला नट तिथे असता तर आपल्याला वाईट वाटलं असतं, बिचाऱ्या पंडितजींचा आवाज गेला असं. इथे वेगळंच होतं. इथे माझ्याच कानातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं, कारण मघाशी 'सूर निरागस हो' म्हणणारा तो गळा मी जवळपास वीस वर्षं ओळखत होते. थिएटरमध्ये इतकी शांतता होती की मागच्या रांगेतल्या पॉपकॉर्नच्या पिशवीचा आवाज आला आणि कुणीतरी श्शू केलं. तिथे अभिनय कमी पडला असं मला एकदाही वाटलं नाही, त्याचं नुसतं तिथे असणं पुरलं.

बरं, आता तिकडचं, म्हणजे हॉलिवूडचं. ऑड्री हेपबर्नचा माय फेअर लेडी मी पहिल्यांदा बघितला तो आईमुळे. आईला पुलंची ती फुलराणी आणि भक्ती बर्वेंची मंजुळा प्राणापलीकडे प्रिय, आणि हे दोन्ही बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियन या एकाच नाटकातून निघालेले, पुलंनी त्याचं मराठी नाटक केलं, तिकडे ब्रॉडवेवर गाण्यांचं नाटक झालं आणि त्यावरून 1964 मध्ये सिनेमा. आईला मंजुळाची इंग्लिश बहीण बघायची होती. ती बघून झाल्यावर म्हणाली, पोरगी गोड आहे पण गाताना दुसरीच कोणीतरी होते. आईला तेव्हा मार्नी निक्सन हे नावही माहीत नव्हतं!

गोष्ट अशी की ब्रॉडवेवर 1956 मध्ये नायिका एलायझा केली ती ज्युली अँड्र्यूजने, तेव्हा ती 20 वर्षांची होती, आणि ते नाटक 2717 प्रयोग चाललं. सिनेमा करताना निर्माता जॅक वॉर्नरने तिला घेतलं नाही, सिनेमात तिचं नाव नाही म्हणून, आणि हेपबर्नला घेतलं. हेपबर्न खरंच तयारी करून आली होती, गाण्याचे धडे घेतले होते, गाणी रेकॉर्डही केली होती. पण शेवटी बहुतेक सगळी गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात आली. त्याच वर्षी अँड्र्यूजने मेरी पॉपिन्स केला आणि ऑस्कर घेऊन गेली, माय फेअर लेडीला 8 ऑस्कर मिळाले आणि हेपबर्नला नामांकनसुद्धा नाही. लोक हे सूडाची गोष्ट असल्यासारखं सांगतात. मला त्यात हेपबर्नसाठी वाईटच वाटतं. मेहनत तिनेही केली होती.

त्या सिनेमात एक जागा आहे, शक्य असेल तर हेडफोन लावून ऐका. एलायझा तिला नीट बोलायला शिकवणाऱ्या प्रोफेसरवर चिडते आणि थांब तू, बघतेच तुझ्याकडे अशा अर्थाचं गाणं म्हणते. सुरुवातीचा रागाचा भाग हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजात आहे. खरखरीत, सुरात जेमतेम, पण जिवंत, जसं आपण भांडताना आवाज चढवतो तसा. मग ती स्वप्न बघायला लागते, मी मोठी होईन, राजाकडे जाईन, आणि तिथे आवाज बदलतो, निक्सन येते, सगळं रेशमासारखं गुळगुळीत होतं. आणि शेवटी राग परत येतो तेव्हा हेपबर्नही परत येते. मी हा सांधा कितीदा ऐकलाय याला हिशोब नाही. योगायोगाने तो नेमका गटारावर फुलं विकणारी पोर स्वप्नात जाते तिथेच पडलाय, त्यामुळे तिथे तो चालून जातो, स्वप्नातला आवाज जरा दुसऱ्याचा वाटला तर वाटू दे. पण पुढच्या गाण्यांत चालत नाही. आई म्हणाली ते हेच.

आणि त्यात समोर उभा आहे रेक्स हॅरिसन. हा स्टेजवरचाच प्रोफेसर, सिनेमात तोच ठेवला. हा गायचा नाही, सुरात बोलायचा, आणि प्रत्येक वेळी वेगळं बोलायचा, म्हणून आधी रेकॉर्ड करून नंतर ओठ हलवणं त्याला शक्यच नव्हतं. मग त्याच्या टायमध्ये छोटा वायरलेस माइक लपवला आणि सेटवर तो खरोखर गायला. सिनेमा परत बघाल तेव्हा त्याची टाय बघा, काही शॉट्समध्ये जरा जाड दिसते. 1964 मध्ये हे कुणी करत नव्हतं. म्हणजे एकाच फ्रेममध्ये एक माणूस स्वतःच्या श्वासाने गातोय आणि त्याच्यासमोरची बाई उसन्या श्वासाने. हॅरिसनचं कास्टिंग मी डोळे झाकून सर्वोत्तमात धरेन, आणि त्या टायसकट धरेन!

मार्नी निक्सनबद्दल मला खूप काही वाटतं, विंगेत उभी राहिलेली असल्यामुळे असेल. 1956 च्या द किंग अँड आय मध्ये तिने डेबोरा करसाठी गायलं. दोघी बरोबर तालीम करायच्या, शेजारी उभ्या राहून, म्हणून त्या सिनेमात जोड दिसत नाही. तिला बजावलं होतं की कुणाला सांगितलंस तर या धंद्यात परत काम मिळणार नाही, आणि मग डेबोरा करनेच उघडपणे तिचं नाव घेतलं. हे वाचलं तेव्हा मला माझा हात धरून ओढणारी मैत्रीण आठवली. 1961 च्या वेस्ट साइड स्टोरीत उलटं झालं. नायिका नॅटली वुडला वाटत होतं की तिचाच आवाज राहणार, शूटिंग तिने स्वतःच्या रेकॉर्डिंगवर केलं, आणि नंतर निक्सनला त्या झालेल्या ओठांवर, झालेल्या श्वासांवर गाणं बसवावं लागलं. पडद्यावर नाव नाही. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाईनने रेकॉर्डच्या स्वतःच्या वाट्यातला पाव टक्का तिला दिला, तेवढंच. 1965 च्या द साउंड ऑफ म्युझिकमध्ये ती चक्क दिसते, ननच्या वेशात, मारियाबद्दल तक्रार करणाऱ्या नन्सपैकी एक. आणि मारिया कोण, तर ज्युली अँड्र्यूज.

सगळं स्टेजवरचंच सिनेमात आणावं असंही माझं म्हणणं नाही हां. फिडलर ऑन द रूफचा टेव्ये ब्रॉडवेवर झीरो मोस्टेलचा होता, प्रचंड लोकप्रिय, पण 1971 च्या सिनेमात दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसनने लंडनच्या प्रयोगातला टोपोल घेतला, आणि मला ते पटतं. पाच मुलींचा बाप, दूधवाला, तो कॅमेऱ्यासमोर हळू आवाजात देवाशी बोलतो तेव्हा तो खरंच गाडी ओढून दमलेला वाटतो. तेव्हा टोपोल पस्तिशीतच होता!

2012 च्या ले मिझराब्लमध्ये सगळ्यांनी सेटवरच गायलं, कानात छोटा इयरपीस आणि त्यात पियानो, ऑर्केस्ट्रा नंतर. त्याबद्दल बरीच भांडणं आहेत, कुणाचा सूर कुठे लागला नाही वगैरे, मला ऐकायलाही कंटाळा येतो. माझं मन अडकलंय ते त्यातल्या बिशपवर. कैदेतून सुटलेला, कुणी दारात उभं न केलेला जाँ वालजाँ, म्हणजे ह्यू जॅकमन, बिशपच्या घरची चांदी चोरतो, पकडून आणतात, आणि बिशप म्हणतो की ही मीच दिली होती, वर चांदीची मेणबत्तीदानंही हातात ठेवतो. तो बिशप आहे कोल्म विल्किन्सन. 1985 ला लंडनमध्ये आणि नंतर ब्रॉडवेवर पहिला वालजाँ ज्याने उभा केला तो. पहिला वालजाँ नव्या वालजाँच्या हातात चांदी ठेवतोय. सिनेमात हे कुठे सांगत नाहीत, ज्याला माहीत आहे त्याला दिसतं. मी बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, कट्यारमध्ये वसंतराव असते तर त्यांना कोण केलं असतं ग? आम्ही दोघांनी बराच विचार केला. सुचलं नाही. पुढे 'मी वसंतराव' हा सिनेमा आला, त्यात राहुल स्वतःच आजोबा झाला आणि स्वतःच गायला, चेहरा तोच, गळा तोच, आणि त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बाबांनी तो घरी टीव्हीवर बघितला. डोळे मिटले नाहीत.

आणि रिटा मोरेनो. 1961 च्या वेस्ट साइड स्टोरीत ती अनिता होती, ऑस्कर मिळालं, 'अमेरिका' गाणं तिने स्वतः गायलं. पण एक गाणं तिच्या पट्टीला फार खाली जात होतं म्हणून ते बेटी वँडकडून गाऊन घेतलं, म्हणजे तिच्याही तोंडात दुसरीचा आवाज. 2021 मध्ये तोच सिनेमा पुन्हा झाला तेव्हा दुकानदार डॉकच्या जागी त्याची विधवा व्हॅलेंटीना अशी नवीन भूमिका लिहिली आणि ती रिटा मोरेनोला दिली. सिनेमा आला त्याच आठवड्यात तिला 90 पूर्ण झाली.

त्यात 'समव्हेअर' ती गाते. कुठेतरी आपल्यासाठी जागा असेल, असं ते गाणं. मूळ नाटकात 1957 मध्ये हे गाणं स्टेजवरच्या कुठल्याच पात्राला दिलेलं नव्हतं, आतून, न दिसणारी एक मुलगी ते गायची. पहिल्या सिनेमात ते प्रेमिकांच्या तोंडी आलं आणि दोघांचेही आवाज उसने, नायिका मारियासाठी, म्हणजे नॅटली वुडसाठी, निक्सन आणि नायक टोनीसाठी जिमी ब्रायंट. मी नवा सिनेमा लॅपटॉपवर बघत होते, रात्री, घरातले झोपलेले, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला होता. ती एकटी दुकानात बसलेली. गाते म्हणण्यापेक्षा स्वतःशी पुटपुटते, ओढून ताणून काही नाही, वरचा सूर लागायला वेळ लागतो, एका ठिकाणी ओळ मध्येच तुटते. मी सवयीने तिच्या खांद्याकडे बघत होते. खांदा जरासा वर जातो, थांबतो, आणि मग आवाज येतो.